बगळ्याच्या खुंट्या

उन्हाळ्यातली माणसं पाहिली की मला शिसारी येते. हिवाळ्यातली परवडली, ती कपड्यांत गुंडाळलेली असतात आणि थंडीने तोंड मिटून असतात. उन्हाळ्यात मात्र पाणथळाच्या फाटकाशी गाड्या लागल्या की घामट, चिकट, सतत काहीतरी चघळणारी माणसं उतरतात आणि माझ्या खिडकीत अर्धं डोकं घालून विचारतात, "पक्षी किती वाजता सोडता?"

अकरा वर्षं मी त्या खिडकीत बसून तिकिटं फाडली. "मगर नाही? मग आहे तरी काय?" हे रोजचं. एका बाईंनी पक्षी उडावेत म्हणून आधी टाळ्या वाजवल्या, ते उडाले नाहीत तेव्हा पाण्यात चप्पल फेकली, आणि मग ती चप्पल आणून द्या म्हणून माझ्याशीच भांडल्या. एक गृहस्थ मनोऱ्यावर चढले, दुर्बीण उलटी धरून पाहिलं आणि सगळं फार लांब आहे अशी लेखी तक्रार देऊन गेले. ती तक्रार मी फाइलला लावली.

पण सांगायचं आहे ते माझ्या दिराबद्दल.

भाऊजी त्या पाणथळाचे राखणदार. शेहेचाळीस वर्षांचे, उंच, हाडकुळे, मान जरा पुढे काढून चालणारे. गुडघाभर पाण्यात न हलता तासन्‌तास उभे राहायचे म्हणून सगळे त्यांना बगळा म्हणायचे, साहेबसुद्धा. "बगळ्याला आत पाठवा," असं साहेब ओरडले की नवीन लोक दचकून वर बघायचे. भाऊजींना त्याचा राग नव्हता. मला होता. घरच्या माणसाला कुणी पक्षी म्हटलेलं मला खपत नाही, मग तो कितीही पक्ष्यासारखा दिसत असो.

आम्ही ऑफिसच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. पुढच्या खोलीत भाऊजींची खाट, मागे आम्ही दोघं आणि स्वयंपाक. माझे यजमान ऑफिसची जीप चालवायचे आणि घरी आले की झोपायचे. या गोष्टीत त्यांचं काम एवढंच. भाऊजी घरी येताना आधी वास यायचा, मागून ते. कुजलेलं गवत आणि मेलेले शिंपले यांचा तो वास साबणाला दाद देत नाही. मी दारातच बादली ठेवायचे. बूट बाहेर, पाय बादलीत, मग घरात. भाऊजींनी ती बादली कधी चुकवली नाही, आणि माझ्या घरातला तो वास कधी गेला नाही.

त्यांचं लग्न जमवायचा घाट मी एकदा घातला होता. बाई शाळेत शिकवायच्या, चांगल्या होत्या, हसऱ्या होत्या. म्हटलं, यांची जागा दाखवावी, तिथे तरी तोंड उघडतील. भाऊजींनी त्यांना लपणात नेलं. लपण म्हणजे पाण्याच्या काठची लाकडी खोली, भिंतीला आडवी फट. फटीतून बघायचं आणि गप्प बसायचं. दोन तासांनी बाई बाहेर आल्या. मी विचारलं, काय बोलणं झालं? त्या म्हणाल्या, "दोनदा बोलले. एकदा 'हलू नका' आणि एकदा 'अजून थोडं थांबा'." मग पाणी पिऊन म्हणाल्या, "तुमच्या दिरांना बायको नकोय हो, खांब हवाय." भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. फार हलतात."

असा माणूस. बोलायचा फक्त नावाड्याशी, आणि तेही भांडल्यासारखं. नावाडी आमच्या पाणथळाची एकुलती एक होडी हाकायचा. जाडा, मोठ्या आवाजाचा, सतत बडबडणारा. वीस वर्षं दोघांनी दुपारचा चहा एका किटलीतून प्यायला. "बगळ्या, तू बोलत नाहीस म्हणून मला दोघांचं बोलावं लागतं," असं तो म्हणायचा आणि खरंच बोलायचा. भाऊजी ऐकून घेत आणि कपात उरलेला चहा त्याच्या कपात ओतत.

आता खुंट्यांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच घडलं.

उन्हाळ्यात पाणी आटतं आणि मागच्या कोपऱ्यात गाळाचे उंचवटे उघडे पडतात. त्यांच्यावर पक्षी अंडी घालतात, आणि ती अंडी गाळाच्याच रंगाची असतात. पाय पडेपर्यंत कळत नाही की इथे अंडं होतं. पण कोपऱ्यात माणसांना जावं लागतंच: कुणी पाण्याची पातळी मोजायला, कुणी बोरूचं उंच गवत कापायला, नावाडी अडकलेलं जाळं ओढायला. म्हणून भाऊजी रोज पहाटे जाऊन प्रत्येक घरट्याची खूण म्हणून एक काठी रोवायचे, टोक पांढरं रंगवलेली. मात्र घरट्याशी नाही. घरट्याशी रोवली तर कावळा तिच्यावर बसतो आणि बसल्या जागी जेवतो. म्हणून खुंटी घरट्यापासून बरोबर पाच पावलांवर, मनोऱ्याच्या बाजूला. हे गणित तिघांनाच ठाऊक होतं. भाऊजींना, कारण ते त्यांच्या जुन्या वस्तादांनी शिकवलं. नावाड्याला, कारण तोच सगळ्यांना आत नेऊन वाट दाखवायचा. आणि मला, कारण दर उन्हाळ्याच्या तोंडावर त्या काठ्यांची टोकं मी माझ्या ओट्याजवळ बसून रंगवायचे.

त्या वर्षी शेकाट्या आल्या. काळ्या-पांढऱ्या, आणि पाय असे लालभडक आणि लांब की बघणाऱ्याला वाटावं कुणाचे तरी उसने आणलेत. सहा वर्षांत त्यांनी आमच्याकडे घरटं केलं नव्हतं. यंदा सहा केली. भाऊजींनी हे मला जेवता जेवता सांगितलं. म्हणजे "सहा" एवढंच म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं, यावरून मी ओळखलं.

साहेबांना मात्र तो कोपरा डोळ्यांत खुपत होता. लोकांना पाण्यावरून चालायला लाकडी पूल हवा, पुलाच्या टोकाला फोटो काढायला गोल चबुतरा हवा, असं त्यांच्या डोक्यात होतं. भाऊजी जाऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, नुसते उभे. साहेब तरी किती वेळ दुर्लक्ष करणार! शेवटी म्हणाले, "हे बघ, सहा वर्षं तिथे काही झालेलं नाही. यंदा अंडी आहेत, बरं. मला पिल्लू दाखव. एक पिल्लू अंड्यातून निघून चालताना दाखव, कोपरा तुझा. नाही निघालं तर पावसाआधी खांब रोवायला माणसं येतील." भाऊजी घरी आले, पाय धुतले आणि म्हणाले, "एक तर निघेलच." सहा घरटी, प्रत्येकात चार अंडी. मीही म्हटलं, न निघायला काय झालं?

आणि इथे डॉक्टर येतात. दातांचे डॉक्टर. दर रविवारी, आणि उन्हाळ्यात मधल्या वारीही, हातभर लांब लेन्स गळ्यात अडकवून यायचे. बाकीच्या कॅमेरेवाल्यांसारखे उर्मट नव्हते. गाडी नीट लावायचे, कचरा उचलायचे, दुसऱ्यांनी टाकलेलासुद्धा. माझी दाढ त्यांनीच काढली होती, आणि काढताना खरंच दुखवलं नव्हतं. "ताई, खरं पाणथळ तुम्हीच सांभाळता," असं म्हणायचे. अकरा वर्षांत त्या खिडकीत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी फुलले. आज आठवलं तरी स्वतःच्या त्या फुललेल्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

एके दिवशी ते चेहरा पाडून आले. म्हणाले, "ताई, त्या मागच्या वाटेने बोरूपर्यंत जायची मला साहेबांची परवानगी आहे. पण भीती वाटते हो. चुकून पाय पडला एखाद्या अंड्यावर तर? मला तर झोप लागायची नाही. त्या पांढऱ्या काठ्या दिसतात, त्यांच्यापासून लांब राहिलं की झालं ना?"

मी हसले. कशी हसले असेन! शहाणपणाने हसले. म्हटलं, "अहो डॉक्टर, काठीपासून लांब जायला म्हणून पलीकडे वळलात तर नेमका घरट्यावर पाय द्याल. काठीपासून पाच पावलं, मनोऱ्याकडे पाठ करून. तिथे असतं ते."

"बघा," ते म्हणाले, "बरं झालं विचारलं." आणि माझे आभार मानून गेले.

तीन दिवसांनी पहिलं घरटं गेलं.

कसं जातं तेही सांगते, म्हणजे नुसतं 'गेलं' म्हणून भागणार नाही. त्या उन्हात अंडी उबवायची नसतात, गार ठेवायची असतात. मादी पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. ती उठली की नर येतो. दोघांना कुणी भर दुपारी पंधरा-वीस मिनिटं लांब ठेवलं की गाळावर अंडं शिजतं. त्यावर पाय द्यावा लागत नाही. शेजारी बसलं तरी पुरतं.

भाऊजी ती चार अंडी टोपीत घालून घरी घेऊन आले. कावळ्यांना चव लागू नये म्हणून मागे पुरायची होती. खड्डा करताना एक फुटलं. जो वास सुटला तो मी इथे लिहीत नाही. आत पिल्लू होतं, आणि त्याचे पाय आत्ताच लांब होते, घडी करून पोटाशी घेतलेले. मी तोंड फिरवलं. भाऊजींनी नाही फिरवलं.

"उन्हाने असेल," मी म्हटलं.

"बुटाचे ठसे आहेत," भाऊजी म्हणाले.

दुसरं घरटं गेलं, तिसरं गेलं. दोन्ही भर दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना. घरट्यासमोरचे बोरू कात्रीने छाटलेले सापडले, दृश्य मोकळं दिसावं म्हणून. मला तेव्हा कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलं होतं; पण कळलेलं वळवून ठेवायची सोय माणसाकडे असते. म्हटलं, डॉक्टर? छे. ते कचरा उचलतात.

मग साहेबांनी ऑफिसच्या दारात एक भला मोठा फोटो लावला. डॉक्टरांनी भेट दिलेला. चार अंडी, त्यांच्यावर शेकाटी उभी, दोन्ही पंख पसरलेले, चोच उघडी. खाली ठळक अक्षरांत: 'आईची सावली'. येणारे-जाणारे थांबून "अगं बाई, कसं कळतं ना मुक्या जीवाला!" असं म्हणू लागले. डॉक्टर खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "ताई, हा तुमच्यामुळे बरं का." माझ्या हातातलं तिकीट वेडंवाकडं फाटलं.

भाऊजी फोटोसमोर बराच वेळ उभे होते. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"सावली देत नाहीये ती," ते म्हणाले. "हाकलतेय. 'निघ' म्हणतेय."

मग फोटोवरची नजर न काढता म्हणाले, "कुणीतरी सांगितल्याशिवाय बाहेरचा माणूस सरळ तिथे जाणार नाही, वहिनी. गणित तिघांना माहीत. मी आहे, तुम्ही घरातल्या. राहिला कोण?"

खिडकीत गर्दी झाली असेल म्हणून मी तिथून निघाले.

त्या दुपारी भाऊजींनी नावाड्याबरोबर चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वीस वर्षांची किटली, आणि हा माणूस आपला कप घेऊन लपणात जाऊन बसू लागला. नावाडी पहिल्यांदा हसला, मग चिडला, मग गप्प झाला. तो गप्प झालेला मी प्रथमच पाहिला. एकदा खिडकीशी येऊन, इकडेतिकडे बघत त्याने विचारलं, "वहिनी, बगळा का फुगलाय माझ्यावर? माझं काय चुकलं?"

"उन्हाळा आहे," मी म्हटलं. "डोकं तापतं माणसाचं."

"हां," तो म्हणाला. "तसंच असेल." आणि गेला. चांगल्या माणसाला फसवणं किती सोपं असतं, याचीही किळस येते.

चौथं गेलं. पाचवं गेलं. एक राहिलं, आणि खुंटीही एकच; बाकीच्या भाऊजींनी उपटून आणल्या होत्या.

त्या संध्याकाळी भाऊजी दारात बादलीत पाय घालून बसले होते आणि पाय धुवायचं विसरून नुसतेच बसले होते. मी बाजूला उभी राहून सांगितलं. डॉक्टरांचं, पाच पावलांचं, माझ्या शहाणपणाचं. सांगताना मी स्वतःची बाजूही सावरत होते: त्यांनीच विचारलं, मला वाटलं जपतील, माझी दाढ काढली.

भाऊजींनी एक पाय बाहेर काढला, पुसला. मग दुसरा.

"डॉक्टर चांगला माणूस वाटला तुम्हाला," ते म्हणाले.

"हो."

"मलाही वाटला होता." मग म्हणाले, "आठ दिवस झाले. मी नावाड्याशी बोललो नाही."

रडले असते तर बरं झालं असतं. पण माझं डोकं रडायच्या वेळी कामाला लागतं. मी म्हटलं, "भाऊजी, ते होऊन गेलं. आता शेवटचं वाचवू. साहेबांकडे जाऊन उपयोग नाही, त्यांच्या दारात फोटो टांगलाय. तुम्ही खुंटी हलवा. घरट्याची काढा आणि पलीकडच्या दलदलीच्या काठाला रोवा. काठीपासून पाच पावलं गेला की कमरेपर्यंत रुतेल. एकदा रुतला की जन्मात येणार नाही."

"खुंटी खोटी रोवायची?" भाऊजींनी असं विचारलं, जसं मी त्यांना चोरी करायला सांगत होते.

"दिवस किती राहिलेत?"

"चार. फार तर पाच."

"पाच दिवसांचा तर प्रश्न आहे."

त्यांनी बादलीतलं पाणी बाहेर ओतलं. मग म्हणाले, "नावाड्याला सांगायला हवं. तो खुंट्या बघून चालतो."

आणि मी म्हटलं, "नको."

का नको ते उघड होतं. खुंटी का हलवली हे सांगायचं तर कुणी फोडलं हेही सांगावं लागणार. नावाडी मला वहिनी म्हणायचा. जाळ्यात अडकलेलं काही खाण्याजोगं मिळालं की आधी माझ्या दारात ठेवायचा. त्याच्यासमोर माझं तोंड काळं व्हायला नको होतं मला, बास. म्हटलं, "तो बडबड्या आहे, कुठेतरी बोलून जाईल. पिल्लू निघालं की आपण दोघं मिळून सांगू. मी स्वतः सांगेन." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. ते ओळखून होते. पण वहिनीचा शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती. "बरं," म्हणाले.

खुंटी हलली. एक दिवस गेला, दोन गेले. चौथ्या दिवशी सकाळी भाऊजी बादलीशी न थांबता, गाळाच्या बुटांनिशी थेट माझ्या स्वयंपाकघरात आले. मी ओरडणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून थांबले. ते हसत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "अंडं बोलतंय."

"काय?"

"आतून. कान लावला की ऐकू येतं. चिक, चिक. एकाला बारीक भोकही पडलंय. उद्यापर्यंत बाहेर." आणि मग हा माणूस, जो 'सहा' म्हणून जेवायला बसला होता, तो दोन मिनिटं उभ्याने बोलत राहिला: बाहेर आल्यावर अर्ध्या दिवसात चालतं, पायांवर तोल जातो, पडतं, परत उठतं. जमिनीवर गाळाचे हे एवढे ठसे उमटले होते. मी पुसले नाहीत.

दुपारी, सगळे जेवायला बसले होते तेव्हा, मागच्या कोपऱ्यातून आरोळी आली.

मी मनोऱ्याखाली होते. धावत वर चढले, तर सगळं स्पष्ट दिसलं. डॉक्टर दलदलीत कमरेपर्यंत गेलेले, लेन्स दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. रुत मेल्या, म्हटलं, अजून जरा रुत.

तेवढ्यात धक्क्यावरून नावाडी निघाला. खांद्यावर फळी आणि दोर. जाडा माणूस, पण काय धावत होता! कोपऱ्याच्या तोंडाशी क्षणभर थांबला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. खुंट्या शोधत होता. इतक्या घाईतही, माणूस बुडत असतानाही, वीस वर्षांची सवय म्हणून तो खुंट्या शोधायला थांबला. एकच खुंटी दिसली, तिकडे दलदलीजवळ. मधली वाट मोकळी होती. तो सरळ धावला.

पलीकडून भाऊजी येत होते. हात हलवत होते, ओरडत होते. मी भाऊजींना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं, नावाड्यानेही नसावं, कारण त्याला वाटलं हा मला घाई कर म्हणतोय. त्याने वेग वाढवला. मीही ओरडले. मनोऱ्यावरून माझा आवाज कुठे पोचणार? दोन्ही शेकाट्या त्याच्या डोक्यावर किंचाळत झेपा घेत होत्या. त्याने त्यांना हाताने बाजूला सारलं आणि पाऊल टाकलं.

डॉक्टरांना बाहेर काढायला अर्धा तास लागला. तोपर्यंत तिकीट काढून आलेली सगळी माणसं काठावर जमली होती आणि फोन वर धरून डॉक्टरांचे फोटो काढत होती. कुणी हसत होतं, कुणी "सर, इकडे बघा" म्हणत होतं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी आधी लेन्स पुसली. साहेबांनी विचारलं, इथे कसे आलात? "वाट चुकलो हो," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं, समजुतीचं पाहिलं. तेही गप्प, मीही गप्प. एका माळेचे मणी.

नावाडी मात्र घरट्यापाशी उभा होता. खाली बघत होता. मग भाऊजींकडे वळून म्हणाला, "बगळ्या, इथे खुंटी नव्हती."

साहेब पुढे आले. "खरंच, इथे खुंटी का नाही?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "विसरलो," म्हणाले.

"हा विसरला?" नावाडी साहेबांना म्हणाला, जणू साहेबांनी त्याची समजूत घालावी. "साहेब, हा कधी विसरत नाही." साहेब घड्याळ बघत म्हणाले की माणसं आहेत, व्हायचंच, आणि आता या कोपऱ्याचं काय करायचं ते ठरल्याप्रमाणे होईल. मग ते डॉक्टरांना धरून ऑफिसकडे घेऊन गेले, अंघोळीला गरम पाणी लावा म्हणाले. पाणी मी लावलं. हो, मीच. माझ्या चुलीवर, माझ्या बादलीत.

संध्याकाळी मी धक्क्यावर गेले. मनाशी पक्कं करून गेले होते, की आज सगळं सांगायचं. तो पायरीवर बसून एक बूट हातात घेऊन ब्रशने तळ घासत होता. किती वेळ घासत होता कोण जाणे, तळ केव्हाच साफ झाला होता. मी शेजारच्या पायरीवर बसले. शब्द जुळवत होते, तोच तो म्हणाला, "वहिनी, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"अंड्यांत जीव होता का हो? म्हणजे, आवाज वगैरे?"

त्याचं तोंड इतकं बारीक झालं होतं. मला वाटलं, एवढं तरी या माणसाला देऊ शकते मी. म्हटलं, "नाही हो. भाऊजी सकाळीच म्हणत होते, उन्हाने गेलेलीच होती ती."

त्याने मान हलवली. ब्रश पाण्यात बुडवला.

"बगळा तर हो म्हणाला," तो म्हणाला, आणि परत घासायला लागला.

मग मी बाकीचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न सावरता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही, आणि मधे एकदाही 'हं' म्हटलं नाही.